अमेरिकेतल्या निवडणुका, पक्ष आणि मतदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की मंडळाच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर आणि भारतातून येणाऱ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढलीत. मी मिशिगनमध्ये राहते, इथली मतदार आहे आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर कामही करते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी मिशिगनची आहेत. तुमच्या स्टेटचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा तिथल्या क्लार्कच्या, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर खात्री करून घ्या.

अमेरिकेत निवडणूक आयोग नाही का? मग निवडणूक घेतं कोण?

भारतात आहे तसा नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण त्यांचं काम प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवायचं, मतदान घ्यायचं नाही. मतदान घेतात स्टेट्स, आणि प्रत्यक्ष काम करतात काउंटी, सिटी, टाउनशिप. मिशिगनमध्ये दीड हजारांहून जास्त सिटी आणि टाउनशिप क्लार्क आहेत आणि बॅलट म्हणजे मतपत्रिका पाठवणं, केंद्र लावणं, माणसं नेमणं हे सगळं तेच करतात. देशाची एक मतदार यादी नाही, सगळ्यांसाठी एक ओळखपत्र नाही, कुठे फोटो आयडी लागतोच, कुठे नाव-पत्ता सांगून सही केली की झालं, आणि नॉर्थ डकोटामध्ये तर मतदार नोंदणी हा प्रकारच नाही.

बहुतेक स्टेट्समध्ये या सगळ्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, स्वतःच पक्षाच्या नावावर निवडून आलेला असतो. भारतातून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं आणि खरंच धोक्याचं आहे. पण २०२० नंतर जॉर्जियात काय झालं तेही आठवा, तिथले सेक्रेटरी ब्रॅड रॅफेनस्पर्गर रिपब्लिकन होते, ट्रम्प यांनी फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं तरी ते हलले नाहीत. म्हणजे तिथे सिस्टिम टिकली ती माणसामुळे. नियमांवर जेवढं टिकायला हवं त्यापेक्षा जास्त ओझं इथे माणसांवर आहे, आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो, हे कसं काय?

कारण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक देशभराची एक नसतेच, ५० स्टेट्स आणि वॉशिंग्टन डीसी अशा ५१ वेगवेगळ्या निवडणुका एका दिवशी होतात. प्रत्येक स्टेटला इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, ठरवून दिलेले असतात, हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) जेवढे सदस्य तेवढे अधिक सिनेटचे (वरच्या सभागृहाचे) दोन. सगळे मिळून ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी सगळीकडे स्टेटमध्ये जो एका मतानं पुढे असेल त्याला त्या स्टेटचे सगळे इलेक्टर मिळतात.

त्यामुळे २००० मध्ये अल गोर यांना देशभरात बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळाली पण फ्लोरिडा ५३७ मतांनी गेलं, मोजणीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, फेरमोजणी थांबली आणि राष्ट्राध्यक्षपदही गेलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तब्बल २८ लाखांहून जास्त मतांची आघाडी होती आणि त्या हरल्या, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन स्टेट्समध्ये मिळून साधारण ७८ हजार मतं कमी पडली. मिशिगनमध्ये तर फरक होता १०,७०४ चा. २०२० मध्ये बायडन देशभरात ७० लाखांनी पुढे होते, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून त्यांची आघाडी ४३ हजारांच्या आत होती, ती तीन स्टेट्स उलटी गेली असती तर दोघांचे २६९-२६९ झाले असते आणि मग निर्णय हाउसकडे, तोही प्रत्येक स्टेटला एक मत अशा पद्धतीनं! २०२४ मध्ये ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ असे जिंकले आणि त्या वेळी देशभरातली मतंही त्यांनाच जास्त होती, साधारण दीड टक्क्यानं.

लहान स्टेटला यात फायदा होतो. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आणि इलेक्टर तीन, कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी आणि इलेक्टर ५४. भागाकार करून बघा, वायोमिंगमध्ये दोन लाखांना एक आणि कॅलिफोर्नियात सात लाखांना एक. सिनेटमध्ये तर दोघांनाही दोनच जागा.

मग स्विंग स्टेटमध्ये, म्हणजे कुठेही झुकू शकणाऱ्या स्टेटमध्ये, नसलेल्यांनी मत देऊन उपयोग काय?

राष्ट्राध्यक्षाच्या निकालावर फरक पडण्याची शक्यता कमी, हे खरंय. २०२४ ला सगळा प्रचार पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सातच स्टेट्सभोवती फिरत होता, आणि त्या काळात आमच्याकडे टीव्ही लावणं म्हणजे एकामागून एक राजकीय जाहिराती बघणं, तर न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला एकही दिसत नव्हती. पण बॅलटवर राष्ट्राध्यक्ष ही फक्त पहिली ओळ असते. तुमच्या मुलांच्या शाळेचं बजेट, प्रॉपर्टी टॅक्स, शेरीफ, न्यायाधीश हे सगळं त्याच कागदावर खाली असतं, आणि तिथे फरक कधीकधी शे-दोनशे मतांचा असतो.

इथे पक्षाचं तिकीट कोण देतं?

कुणीच देत नाही. माझ्या मते अमेरिकेचं राजकारण समजायचं असेल तर या एका गोष्टीपासून सुरुवात करावी. इथे हायकमांड नाही, एबी फॉर्म नाही, पक्षाध्यक्षाच्या सहीनं उमेदवारी मिळत नाही. पक्षाचं सदस्यत्व म्हणजे फी भरून घेतलेलं कार्डही नाही, बऱ्याच स्टेट्समध्ये मतदार नोंदणी करतानाच तुम्ही डेमोक्रॅट, रिपब्लिकन की कुठलाच नाही असं लिहिता आणि झाले तुम्ही त्या पक्षाचे. मिशिगन, टेक्सास, जॉर्जियासारख्या ठिकाणी तर तेवढंही लिहावं लागत नाही.

उमेदवार ठरतो प्रायमरीमध्ये, म्हणजे नोव्हेंबरच्या आधी होणाऱ्या पक्षाच्या उमेदवार-निवडीच्या मतदानात, आणि तिथे मत सामान्य लोक देतात. पुरेशा सह्या गोळा करा किंवा फी भरा आणि कुणीही उभं राहू शकतं, पक्षाच्या नेत्यांना तो माणूस आवडो न आवडो. २०१४ मध्ये एरिक कँटर हाउसमध्ये रिपब्लिकन पक्षाचे दोन नंबरचे नेते होते, व्हर्जिनियात त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेजच्या प्रोफेसरनं त्यांना घरी बसवलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या डेमोक्रॅट नेत्याचं तेच केलं. आणि २०२५ मध्ये झोहरान ममदानी यांनी न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांना हरवलं, पक्षातली बरीच मोठी मंडळी क्युओमोंच्या मागे असताना.

राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत हे पूर्वी असं नव्हतं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर पोलिसांनी आंदोलकांना झोडपलं, देशानं ते टीव्हीवर बघितलं आणि त्यानंतर नियम बदलले. १९७२ पासून प्रायमरी आणि कॉकसमधून (पक्षाच्या स्थानिक सभांमधून) आलेले डेलिगेट्स, म्हणजे प्रतिनिधीच, उमेदवार ठरवतात.

प्रायमरीत मत द्यायलाच पाहिजे का? नोव्हेंबरमध्ये देतोच की.

द्याच. हात जोडून सांगते. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की तिथे नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे फक्त शिक्का, खरा निर्णय प्रायमरीत होऊन गेलेला असतो आणि तिथे नोव्हेंबरच्या मानानं फारच थोडे लोक येतात.

आपल्याच माणसाचं उदाहरण घ्या. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे पैसे खर्च करून डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. मग राज्याच्या हाउसमध्ये गेले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या डिस्ट्रिक्टमधून काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभे राहिले, प्रायमरीत उमेदवारांची गर्दी होती, मतं विभागली आणि साधारण २८ टक्के मतांवर ते जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. आता सांगा निवडणूक कुठल्या महिन्यात झाली, ऑगस्टमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

मिशिगनवाल्यांसाठी एक खास सूचना, कारण ही चूक केंद्रावर नेहमी दिसते. ऑगस्टच्या प्रायमरीत बॅलटवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि तुम्ही कुठलाही एक निवडू शकता, कुणी विचारत नाही, कुठे नोंद होत नाही. पण गव्हर्नरसाठी डेमोक्रॅट आणि हाउससाठी रिपब्लिकन असं दोन्हीकडे गोल भरलेत तर पक्षाचा अख्खा भाग बाद होतो. मशीन कागद घेताना सांगतं, तेव्हा घाईनं पुढे ढकलू नका, नवीन बॅलट मागा, मिळतो. घरून पोस्टानं पाठवलात तर मात्र सांगणारं कुणी नसतं.

दोनच पक्ष का? तिसरा का वाढत नाही?

जो पुढे तो जिंकला अशी पद्धत आणि वर सगळे इलेक्टर एकालाच, यात तिसऱ्याला मतं मिळतात पण जागा मिळत नाहीत. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, म्हणजे दर पाचात एक, आणि इलेक्टर शून्य. कारण त्यांची मतं देशभर सारखी पसरलेली होती. उलट १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच होती पण दक्षिणेत एकवटलेली, म्हणून पाच स्टेट्स मिळाली. भारतात प्रादेशिक पक्ष तशा एकवटलेल्या मतांवर तगतात, इथे तशी प्रदेशाची पार्टी उभी राहिली नाही, आणि मुळात प्रायमरी खुली असल्यामुळे बंडखोराला नवीन पक्ष काढायची गरजच पडत नाही, तो जुना पक्षच आतून ताब्यात घेतो. ट्रम्प यांनी २०१६ ला नेमकं हेच केलं.

शिवाय मतं खाण्याची भीती असते. २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून जास्त मतं पडली आणि निकाल ५३७ वर गेला, डेमोक्रॅट लोक ते अजून विसरलेले नाहीत. मेन आणि अलास्कामध्ये आता पसंतीक्रमानं मत देता येतं, पहिला उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. मला ही पद्धत पटते.

खासदार पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो का? व्हिप असतो ना?

व्हिप असतो पण त्याला दात नाहीत. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही, विरोधात मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही. २०१७ मध्ये ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा) मोडणारं बिल सिनेटमध्ये आलं तेव्हा रिपब्लिकन जॉन मकेन यांनी मध्यरात्रीनंतर सभागृहात येऊन अंगठा खाली केला आणि बिल पडलं. २००१ मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला आणि एका माणसामुळे सिनेटचं बहुमत बदललं, राजीनामा नाही की पोटनिवडणूक नाही.

आता मात्र असे लोक कमी होत चाललेत. कारण शिक्षा पक्ष देत नाही, प्रायमरीतले मतदार देतात. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाला हो म्हणणारे हाउसमधले दहा रिपब्लिकन होते, त्यातले पुढच्या निवडणुकीत फक्त दोनच परत निवडून आले. बाकीच्यांपैकी काहींनी निवडणूक लढवलीच नाही आणि काही प्रायमरीत पडले, लिझ चेनी त्यातल्याच.

लिंकन रिपब्लिकन होते ना? मग आज काळे मतदार डेमोक्रॅटकडे कसे?

रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करायला निघाला आणि लिंकन १८६० मध्ये त्याच पक्षातून आले. यादवी युद्धानंतर दक्षिणेतले गोरे जवळपास शंभर वर्षं पक्के डेमोक्रॅट राहिले, काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवणारे कायदे त्यांनीच केले. १९३० च्या मंदीत रूझवेल्ट यांच्या योजनांमुळे उत्तरेतले काळे मतदार डेमोक्रॅटकडे यायला लागले. मग १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट आणि १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट, दोन्हींवर सही लिंडन जॉन्सन या टेक्सासच्या डेमोक्रॅटची. त्याच १९६४ मध्ये सिव्हिल राइट्स बिलाच्या विरोधात मत दिलेले रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर साफ आपटले, पण स्वतःच्या ॲरिझोनाशिवाय त्यांनी जिंकली ती पाच स्टेट्स सगळी खोल दक्षिणेतली होती. तिथून दक्षिण फिरायला लागली, नंतर निक्सन आणि रेगन यांनी ते पक्कं केलं. म्हणजे पक्षांची नावं तीच राहिली, आतले लोक बदलले. म्हणून "हा तर लिंकनचा पक्ष" किंवा "हा तर गुलामगिरीवाल्यांचा पक्ष" असे मेसेज फॉरवर्ड करण्याआधी साल बघा.

लोक मत देताना नक्की काय बघतात? धोरणं वाचतात का?

फार थोडे लोक. बहुतेकांची पार्टी आधीच ठरलेली असते, घरातून, चर्चमधून, शेजारातून आलेली, आणि मग मुद्द्यांवरचं मत त्या पार्टीप्रमाणे बनतं. अलीकडे तर स्वतःच्या पक्षाच्या प्रेमापेक्षा दुसऱ्या पक्षाच्या रागापोटी मत देणारे वाढलेत, केंद्रावर यायची घाई त्या रागातूनच येते.

पण गट स्थिर नसतात. आमच्या डेट्रॉइटच्या उत्तरेला मॅकोम काउंटी आहे, ऑटो कामगारांची. हे लोक युनियनवाले डेमोक्रॅट, १९८० च्या दशकात ते रेगनकडे गेले, मग २००८ आणि २०१२ ला ओबामांना दिलं आणि २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प. तिला लागूनच ओकलंड काउंटी, डॉक्टर-इंजिनियर-मॅनेजरांची, ट्रॉय आणि नोव्हायमधले आपले बरेच लोक तिथलेच, ती एके काळी रिपब्लिकनांचा गड होती आणि आता डेमोक्रॅट तिच्यावर जिंकतात. दोन काउंट्यांमध्ये एक रस्ता आडवा आहे, आणि देशभरात जे झालंय ते या रस्त्यावर उभं राहून बघता येतं. पूर्वी श्रीमंत रिपब्लिकन आणि कामगार डेमोक्रॅट असं होतं, आता कॉलेजची डिग्री आहे की नाही ही मोठी रेघ झालीय. दुसरी रेघ शहर आणि खेडं. तिसरी बाई आणि पुरुष, १९८० पासून प्रत्येक वेळी बायकांचा कल पुरुषांपेक्षा डेमोक्रॅटकडे जास्त राहिलाय.

आणि खिसा. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, नंतर ती उतरली पण उतरली म्हणजे भाव कमी झाले असं नाही, फक्त वाढायचा वेग कमी झाला, दुकानातलं बिल तेवढंच राहिलं. सत्तेतल्या पक्षानं आकडे दाखवून कितीही समजावलं तरी लोक बिल बघतात, आणि २०२४ ला तेच झालं. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जवळपास सगळे लॅटिनो, शंभरहून जास्त वर्षं डेमोक्रॅट, ती ट्रम्पकडे गेली. डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नमध्ये अरब मतदार गाझावरून एवढे चिडले होते की तिथे ट्रम्प पहिले आले आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांनाही भरपूर मतं पडली. त्याची सूचना फेब्रुवारीतच मिळाली होती, मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून जास्त लोकांनी बायडनऐवजी "अनकमिटेड"वर, म्हणजे कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही या पर्यायावर, खूण केली होती.

एकाच दिवशी एकाच स्टेटमध्ये ट्रम्पही जिंकले आणि डेमोक्रॅट सिनेटरही, हे कसं?

मिशिगनमध्ये २०२४ ला ट्रम्प साधारण ८० हजारांनी जिंकले आणि सिनेटला डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन साधारण १९ हजारांनी. सगळ्यांना वाटलं लोकांनी विचार करून एक मत इकडे एक तिकडे दिलं. काहींनी दिलंही असेल. पण आकडे बघा, स्लॉटकिन यांना कमला हॅरिस यांच्यापेक्षा कमीच मतं आहेत! खरा फरक रिपब्लिकन बाजूला आहे, त्यांचे सिनेटचे उमेदवार माइक रॉजर्स यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सव्वा लाखाच्या आसपास मतं कमी पडली. म्हणजे बरेच लोक फक्त ट्रम्पसाठी आले, पहिला गोल भरला आणि खालचं तसंच सोडलं किंवा तिसऱ्या कुणाला दिलं.

इंडिपेंडंट म्हणवणारे खरंच मधले असतात का?

बहुतेक नाही. "तुमचा कल कुणाकडे" असं पुढे विचारलं की ते एक बाजू सांगतात आणि मतही जवळपास पक्क्या समर्थकांसारखंच देतात. खरोखर मधले थोडे असतात आणि त्यांचा राजकारणातला रस सगळ्यात कमी असतो. मुश्किल ही की स्विंग स्टेटमध्ये निकाल त्यांच्याच हातात असतो.

भारतीय वंशाचे लोक कुणाला मत देतात?

अजूनही बहुसंख्य डेमोक्रॅटना, पण २०२४ मध्ये तो कल कमी झालेला दिसला, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये. नावाच्या ओढीनं सगळे मत देतात असं समजू नका, कमला हॅरिस यांची आई तमिळनाडूची होती म्हणून सगळे भारतीय त्यांच्यामागे गेले नाहीत.

मी एच-वन बीवर आहे / ग्रीन कार्डवर आहे. काय चालतं काय नाही?

मत नाही, स्पष्टपणे नाही. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, हाउस यासाठी फक्त सिटिझन, आणि १९९६ च्या कायद्यानं नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे, डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतो. धोका खरा कुठे आहे तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर. १९९३ च्या कायद्यामुळे तिथेच मतदार नोंदणीबद्दलही विचारतात, घाईत "हो" म्हणून सही केलीत की नाव यादीत, आणि नंतर सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की तुम्ही कधी नोंदणी केलीत किंवा मत दिलंत का. आईवडील ग्रीन कार्डवर आले असतील तर त्यांच्यासोबत काउंटरवर उभे राहा. चुकून नाव गेलं असेल किंवा घरी मतदार कार्ड आलं असेल तर मत देऊ नका, नाव काढून घ्या आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला.

पैसे द्यायचे तर ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वनवाले नाही. प्रचारात बिनपगारी मदत मात्र दोघांनाही करता येते.

मतदान केंद्रावर प्रत्यक्ष काय होतं?

आमच्याकडे सकाळी ७ ते रात्री ८. मशीन सुरू करताना पहिल्यांदा शून्याची पट्टी छापतो, सगळ्या उमेदवारांपुढे शून्य आहे हे बघून सह्या करतो. केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं नेमावीच लागतात. मतदार येतो, छोटा फॉर्म भरतो, फोटो आयडी दाखवतो, नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देऊ शकतो. त्याला कागदाचा बॅलट आणि तो झाकायला फोल्डर मिळतो. आडोशाला उभं राहून पेननं गोल भरायचे, पाठीमागचीही बाजू बघायची, मग आम्ही वरचा नंबरचा तुकडा फाडून घेतो म्हणजे तो कागद कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मतदार स्वतःच्या हातानं तो मशीनमध्ये सरकवतो. काउंटर एकानं वाढतो आणि स्टिकर मिळतं, बोटाला शाई नाही.

रात्री मशीनवरची संख्या आणि यादीतली मतदारसंख्या जुळवल्याशिवाय कुणी घरी जात नाही. निकालाची पट्टी छापायची, सगळ्यांनी सह्या करायच्या, बॅलट सीलबंद करायचे, आणि ते क्लार्ककडे नेतात तेव्हा गाडीत दोन वेगवेगळ्या पक्षांची दोन माणसं असतात. हे सगळं डोळ्यांनी बघितल्यावर "मशीननं मतं बदलली" असं कुणी सहज बोललं की मला वाईट वाटतं. प्रत्येक मताचा कागद आहे, परत मोजता येतो. २०२० मध्ये जॉर्जियात सगळे कागद हातानं मोजले, निकाल तोच राहिला.

बॅलट एवढा लांब का असतो?

कारण इथे नेमायच्या जागाही निवडणुकीनं भरतात. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, हाउस, राज्याचं हाउस, काउंटी क्लार्क, शेरीफ, खजिनदार, आणि मिशिगनच्या बऱ्याच काउंट्यांमध्ये चक्क ड्रेन कमिशनर, म्हणजे पावसाचं पाणी आणि गटारं बघणारा. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या बोर्डावर कोण बसणार हेही मतदारच ठरवतात. मग न्यायाधीश, शाळेचं बोर्ड, आणि शेवटी प्रस्ताव, ज्यांवर थेट हो किंवा नाही असं मत द्यायचं. आमच्याकडे सगळ्यात वर एक गोल भरून अख्ख्या पक्षाला मत देता येतं, पण ते न्यायाधीश, शाळा आणि प्रस्तावांना लागू होत नाही. लोक तो एक गोल भरून निघून जातात. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क मिशिगनच्या घटनेत घालणारा प्रस्ताव होता आणि तो मागे, शेवटच्या भागात होता.

नमुना बॅलट आधी ऑनलाइन मिळतो. घरी प्रिंट काढा, नावं शोधा, खुणा करून सोबत आणा, चालतं. मात्र उमेदवाराच्या नावाचा टीशर्ट घालून येऊ नका, केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे.

निकाल लागायला एवढे दिवस का? आणि टीव्हीवाले कसे काय जाहीर करतात?

पोस्टाच्या मतांमुळे. लिफाफ्यावरची सही जुळवायची, लिफाफा उघडायचा, कागद सरळ करायचा, मग स्कॅन. पेनसिल्व्हेनियात २०२० मध्ये हे काम मतदानाच्या सकाळी ७ च्या आधी सुरूच करता येत नव्हतं, म्हणून मंगळवारच्या मतदानाचा कौल शनिवारी कळला. त्या वेळी डेमोक्रॅट लोक जास्त पोस्टानं आणि रिपब्लिकन जास्त केंद्रावर मत देत होते, म्हणून रात्री ट्रम्प पुढे दिसले आणि नंतर बायडन पुढे गेले, त्यात गडबड काही नव्हती, फक्त मोजायचा क्रम. मिशिगननं आता आधीपासून स्कॅन करायला परवानगी दिलीय.

असोसिएटेड प्रेस आणि चॅनेलवाले सांगतात तो अंदाज असतो, काउंटी-काउंटीतून आकडे गोळा करून मागचा उमेदवार आता गाठूच शकत नाही असं दिसलं की ते जाहीर करतात. अधिकृत निकाल काउंटी आणि स्टेट प्रमाणित करतात, डिसेंबरमध्ये इलेक्टर मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेस मोजते आणि २० जानेवारीला दुपारी शपथ. ६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये कायदा बदलून स्पष्ट केलं की उपराष्ट्राध्यक्षाला त्या मोजणीत मतं नाकारायचा अधिकार नाही.

गेरीमँडरिंग म्हणजे काय?

मतदारसंघाच्या रेघा आपल्या सोयीनं मारणं. बहुतेक ठिकाणी हे काम राज्याची विधानसभाच करते, म्हणजे जे निवडून आलेत तेच आपले मतदार निवडतात. नाव आलंय मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून, १८१२ सालचं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या रेघा फेडरल कोर्ट बघणार नाही, आणि मग २०२५ मध्ये टेक्सासनं जनगणनेची वाट न बघता हाउसचे मतदारसंघ परत आखले तर उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीही प्रस्ताव ५० पास करून आपले बदलले. दोघांचंही चूकच आहे. मिशिगनमध्ये २०१८ ला लोकांनी हे काम नेत्यांकडून काढून १३ सामान्य नागरिकांच्या कमिशनकडे दिलं, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले, अर्ज करणाऱ्यांतून सोडत काढून निवडलेले.

पैशांना काही मर्यादा आहे की नाही?

उमेदवाराला थेट द्यायला आहे, २०२४ साठी एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,३०० डॉलर. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर सुपर पॅक नावाचे प्रचार-गट आले, ते उमेदवाराला पैसे देत नाहीत, स्वतः जाहिराती करतात आणि त्यांना मर्यादा नाही. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकनांसाठी २५ कोटी डॉलर्सहून जास्त ओतले. उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चालाही भारतासारखी कमाल मर्यादा नाही.

मिडटर्म काय असतं? त्याला महत्त्व आहे का?

हाउसच्या सगळ्या ४३५ जागा दर दोन वर्षांनी आणि सिनेटच्या एक तृतीयांश. राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्ये येते म्हणून मिडटर्म. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला बहुतेक वेळा हाउसमध्ये फटका बसतो, २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या, २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाच्या ४० च्या आसपास. १९९८ आणि २००२ हे अलीकडचे अपवाद. मतदान कमी होतं, २०१४ ला तर ३७ टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. त्यातच ३६ स्टेट्सचे गव्हर्नर निवडले जातात, मिशिगनचाही.

मतदान मंगळवारीच का? सुट्टीही नसते.

१८४५ चा कायदा. तेव्हा शेतकरी घोडागाडीनं काउंटीच्या गावी यायचे, रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा, म्हणून मंगळवार. आज काही स्टेट्समध्ये सुट्टी देतात पण देशभर नाही. आता लवकर मतदान आणि पोस्टाची सोय असल्यामुळे त्या दिवशीच यायला हवं असं नाही.

मी नुकतीच सिटिझन झालेय. आता काय करू?

शपथविधीच्या ठिकाणीच बऱ्याचदा नोंदणीचा फॉर्म मिळतो, तो भरून टाका. राहिलं तर ऑनलाइन करा, मिशिगनमध्ये मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत चालतं, आणि त्यानंतरही क्लार्कच्या ऑफिसात पत्त्याचा पुरावा घेऊन गेलात तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत नोंदणी होते आणि तिथेच मतही देता येतं. इतर काही स्टेट्समध्ये तारीख महिनाभर आधीच संपते. नाव पासपोर्टवर वेगळं, लायसन्सवर वेगळं असं आपल्याकडे खूप होतं, लग्नाआधीचं-नंतरचं, मधलं नाव वडिलांचं, तेव्हा लायसन्सवर जे आहे त्याच स्पेलिंगनं नोंदणी करा. पोस्टानं मत देणार असाल तर लिफाफ्यावर सही करायला विसरू नका आणि लायसन्सवर जशी केलीत तशीच करा, लायसन्सवर देवनागरीत असेल तर इथेही देवनागरीत. न जुळल्यास क्लार्क फोन किंवा ईमेल करतात, म्हणून फॉर्मवर फोन नंबर द्या आणि अनोळखी नंबर आला तरी त्या आठवड्यात उचला.